येणारा मे आणि पुढची पिढी

वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात, महाराष्ट्रातल्या सुमारे चार हजार विहिरींवर कोणीतरी टेप घेऊन जातं. टेप आत सोडायची, पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे ते लिहून घ्यायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. काम एवढंच. हे करणाऱ्या सरकारी खात्याचं नाव भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. १९७२च्या दुष्काळाच्या वेळी हे खातं सुरू झालं, म्हणजे हा लेख फोनवर वाचणाऱ्या बहुतेकांच्या जन्माच्या कितीतरी आधी.

या नोंदींची गंमत अशी की एकट्या नोंदीला काही अर्थ नसतो. आज पाणी ८ मीटरवर आहे, यातून काय कळणार? गेल्या वर्षी, दहा वर्षांपूर्वी, तीस वर्षांपूर्वी याच महिन्यात ते कुठं होतं हे शेजारी मांडलं की मग काहीतरी दिसायला लागतं. आज टेप सोडणारा माणूस जे करतो त्याचा खरा उपयोग अशा कोणाला तरी होणार आहे जो अजून नोकरीला लागलेला नाही, कदाचित शाळेतही गेलेला नाही. सरकारी कामात असं फार कमी असतं. रस्ता झाला की फीत कापता येते. विहीर मोजल्यावर कशाची फीत कापणार?

पाणी, जंगल, हवा यांचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही सरकारी संस्थेचा दीर्घकालीन आराखडा उघडा. त्यात एक पात्र हमखास भेटतं. त्याचं नाव पुढची पिढी. तिच्यासाठी वाचवायचं, तिच्यासाठी साठवायचं, तिला तोंड दाखवता यायला हवं. ती कधी काही बोलत नाही, हरकत घेत नाही, ग्रामसभेला येत नाही. त्यामुळे तिच्या नावानं कोणीही काहीही बोलू शकतं.

माझा या पात्राशी संबंध आला तो काकांच्या एका फोनमुळे. आमचं गाव देऊळघाट, बुलढाण्याजवळ, पैनगंगेच्या काठी. वावर काका करतात, मी पुण्यात नोकरी करते. काका म्हणाले, विहिरीत फेब्रुवारीनंतर काही राहत नाही, पाचशे फूट बोअर मारून टाकू, अर्धे पैसे तू दे. मी जे बोलले ते शाळेतल्या निबंधातलंच होतं. म्हटलं, काका, पुढच्या पिढीसाठी पाणी ठेवायला नको का?

काका म्हणाले, "पुढची पिढी म्हंजे तूच ना? तू तं पुण्यात नळाचं पाणी पेते."

हे उत्तर वाटतं तितकं उडवून लावण्यासारखं नाही. ज्यांच्यासाठी राखून ठेवायचं त्यांनी ते मागितलेलं नाही, आणि त्यातले बरेच जण गावात राहणारही नाहीत. मग काकांनी आज कोणासाठी हात आखडता घ्यायचा? मी हा प्रश्न घेऊन बरेच दिवस वाचत बसले. आधी तत्त्वज्ञांकडे गेले, मग दगडाकडे. दगडाकडे आधी जायला हवं होतं असं आता वाटतं, पण ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं सांगते.

सरकारी प्रकल्पांचा फायदा-तोटा मांडताना भविष्यातल्या रुपयाला आजच्या रुपयापेक्षा कमी मोजतात. दर वर्षी १० टक्के दरानं हिशेब केला तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत होते ८५ पैसे. ५ टक्के दर धरला तर पावणेनऊ रुपयांच्या आसपास. आराखड्याच्या प्रस्तावनेत पुढच्या पिढीला देव्हाऱ्यात बसवायचं आणि परिशिष्टातल्या कोष्टकात तिला ८५ पैशांवर आणायचं, असा हा प्रकार. फ्रँक रॅम्सी नावाच्या केंब्रिजच्या गणितज्ञानं १९२८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बचतीवर एक निबंध लिहिला. केवळ नंतर येणार म्हणून नंतरच्या सुखाला कमी मोजणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, आपली कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून आपण तसं करतो, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटतं. पण काकांना रॅम्सी सांगून उपयोग नव्हता, कारण काकांचा दर १० टक्क्यांपेक्षा बराच वर असणार. ज्याला या वर्षीचं बियाण्याचं देणं फेडायचं आहे त्याच्यासाठी पन्नास वर्षांनंतरचा रुपया म्हणजे काहीच नाही.

दुसरा भेटला डेरेक पार्फिट. त्याच्या १९८४च्या पुस्तकातला एक पेच प्रसिद्ध आहे. आपण आज जे निर्णय घेतो त्यांच्यामुळे पुढे कोण जन्माला येणार हेसुद्धा बदलतं. बोअर मारला, शेती टिकली, चुलतभाऊ गावात राहिला, त्याचं लग्न एका मुलीशी झालं. बोअर मारला नाही, तो छत्रपती संभाजीनगरला कंपनीत गेला, लग्न दुसऱ्या मुलीशी झालं. दोन्ही वाटांवर जन्मणारी मुलं वेगळी. मग बोअर मारल्यानं ज्या मुलाचं नुकसान झालं म्हणता, ते मूल बोअर मारला नसता तर जन्मलंच नसतं. तर नुकसान नक्की कोणाचं? पार्फिटला यातून बेफिकिरी सुचवायची नव्हती, उलट या पेचातून सुटायला त्यानं बरीच पानं खर्च केली. पण वाचताना मला वाटलं की हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: आज आणि उद्या यांच्यामध्ये एक मोठी टाकी आहे, आणि आपण तिच्यातून जेवढं काढू तेवढं पुढच्यांना कमी पडेल. आमच्या वावराखाली अशी टाकी आहे का?

आता दगड.

घाटावरचा बुलढाणा बसाल्टवर बसलेला आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जमीन आणि मधे खारपाणपट्टा, ती गोष्ट वेगळी. घाटावर विहीर खोदताना आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या किंवा भेगाळ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, पाषाणात जवळजवळ नाही. अशा खडकाच्या शंभर घनमीटरमधून साधारण दोन घनमीटर पाणी उपसता येतं. भूजलाचा अंदाज काढण्याच्या सरकारी पद्धतीतही मुरमाड-भेगाळ बसाल्टसाठी हाच दोन टक्क्यांचा आकडा धरतात. वाळूच्या गाळासाठी सोळा टक्के.

या दोन टक्क्यांत सगळं आहे. पावसाळ्यात १० सेंटिमीटर पाणी जमिनीत मुरलं तर वाळूच्या गाळात पातळी जेमतेम ६० सेंटिमीटर चढेल. आमच्याकडे ती पाच मीटर चढते. म्हणून एका चांगल्या पावसाळ्यात आमच्या विहिरी काठोकाठ भरतात आणि लोक म्हणतात, पाणी आलं, काळजी मिटली. पण उतरतानाही तीच गत. पंजाबातला गाळाचा थर शेकडो फूट खोल. तिथं जास्त उपसा झाला की पातळी दर वर्षी थोडी थोडी खाली जाते आणि एका पावसानं भरून निघत नाही. तिथं आजोबा नातवाचं पाणी पितो असं म्हणणं शब्दशः खरं आहे. आमच्या उथळ विहिरीचं तसं नाही. तिथलं पाणी नातवासाठी ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही. जे उपसलं नाही ते भेगांतून हळूहळू खाली सरकतं, ओढ्यात उतरतं, पैनगंगेला मिळतं, येळगावच्या धरणाकडे जातं आणि बुलढाण्याच्या नळाला येतं. पुढच्या जूनमध्ये खातं पुन्हा जवळपास शून्यावरून सुरू.

म्हणजे पन्नास वर्षांच्या आराखड्यातली पुढची पिढी आमच्या उथळ विहिरीच्या बाबतीत पन्नास वर्षांनी येत नाही. ती येत्या मे महिन्यात येते, आणि ती लहान मूलही नाही. ती आमच्या बांधाला लागून असलेल्या वावरात राहते, तिला आम्ही मामी म्हणतो, तिच्याकडे दोन एकर आहे, सहा परस विहीर आहे आणि ती हरभऱ्याला दोन पाळ्या देऊन उरलेल्या पाण्यावर मेथी-कांदा करते.

काकांचं आवडतं वाक्य आहे, "आपल्या वावरातलं पाणी आपण नाही घ्यायचं तं कोनी घ्यायचं?" या वाक्याच्या मागे कायदाही उभा आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानं जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचं पाणी काढण्याचा आणि वापरण्याचा हक्क मान्य केला, आणि इंग्रज गेले तरी ती समजूत गेली नाही. पण त्या दोन टक्क्यांनी एक छोटा हिशेब करून बघा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर वावराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर ५०० घनमीटर पाणी लागतं, पाच लाख लिटर. हे सगळं त्याच हेक्टरच्या खालून काढलं तर तिथली पातळी अडीच मीटर उतरेल. गव्हाला पाच पाळ्या दिल्या तर साडेबारा मीटर. थोडं पाणी परत मुरतं हे धरलं तरी पाण्याचा आमचा सगळा थरच साधारण तेवढा जाड असतो. याचा अर्थ, आपल्या वावरात पूर्ण गहू काढण्याइतकं पाणी आपल्या वावराखाली नसतंच. गहू निघतो, कारण पाणी चारी बाजूंनी सरकत येतं. काका ज्याला आपल्या वावरातलं पाणी म्हणतात त्यातलं निम्मंशिम्मं मामीच्या, आणि अजून कोणाकोणाच्या, वावराखालून आलेलं असतं. सातबारा उभ्या रेषेत जमिनीखाली जात नाही.

हा हिशेब मी काकांना फोनवर सांगितला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे तिचंबी पाणी माह्याकडे येते आन् माहं तिच्याकडे जाते. फिटंफाट." यातही तथ्य आहे. दोन्ही विहिरी सारख्या खोल असतील, दोन्ही मोटरी सारख्या चालत असतील, तर खरंच फिटंफाट. पाचशे फुटांचा बोअर नेमकं हेच मोडतो.

बोअरचा इतिहास इथं आठवायला हवा, कारण तो आमच्या शेजारचाच आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून, दुष्काळांच्या काळात, कठीण खडकातून झपाट्यानं भोक पाडणारी यंत्रं युनिसेफच्या मदतीनं भारतात आली. पाषाणात हातानं विहीर खोदायला वर्षं लागायची, तिथं बोअर दिवसा-दोन दिवसांत व्हायला लागला. पण त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप सारखे मोडायचे. त्यावर टिकाऊ पंप बनवायचा पहिला गाजलेला प्रयत्न झाला आमच्या शेजारच्या जालन्यात, तिथल्या मिशनच्या लोकांकडून. तो जालना पंप. मग सोलापूर पंप, आणि त्यातून पुढे इंडिया मार्क टू, जो जगभर गेला. हे सगळं झालं पिण्याच्या पाण्यासाठी, हंडाभर पाण्यासाठी. हातपंपाला एक नैसर्गिक मर्यादा होती: माणसाचा हात दुखतो. त्याच भोकात पाणबुडी मोटर सोडल्यावर ती मर्यादा गेली. तंत्र तेच राहिलं, फक्त थकणारं कोणी उरलं नाही.

खोल बोअरला पाणी लागतं तेव्हा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक, बोअर वरच्या भेगाळ थराशी जोडलेल्या भेगेत गेला. मग वरचंच पाणी खाली ओढलं जातं, आणि सहा परस विहिरी आधी कोरड्या पडतात. दोन, तो खालच्या वेगळ्या थरात गेला, जिथं दोन पाषाणांच्या मध्ये जुनं पाणी अडकून आहे आणि जे भरायला एक पावसाळा पुरत नाही. पहिल्या प्रकारात आपण मामीचं पाणी घेतो. दुसऱ्या प्रकारात खरोखरच पुढच्या पिढीचं. आणि बोअर मारण्याआधी यातलं कोणतं होणार हे काकांना माहीत नसतं, मला नसतं, नारळ हातावर धरून पाणी दाखवणाऱ्यालाही नसतं.

इथं मला त्या टेपवाल्या खात्याची किंमत कळते. पहिल्यांदा वाटलं होतं की पुढची पिढी हे पात्रच खोटं निघालं तर दीर्घकालीन नियोजनही निकालात निघालं. तसं नाही. दूरचं बघणं लागतं, पण ते जवळचं नीट दिसावं म्हणून. मेमध्ये मामीची विहीर आटली तर ती पाऊस कमी झाला म्हणून की वरच्या अंगाला चार बोअर झाले म्हणून, हे एका वर्षाच्या आकड्यातून कधीच सांगता येत नाही. तीस वर्षांचा पाऊस आणि तीस वर्षांची पातळी शेजारी ठेवली तर सांगता येतं. ती नोंद नसेल तर भांडण 'देवानं पाऊस दिला नाही' इथं संपतं, आणि देवाविरुद्ध तक्रार करायला ग्रामपंचायतीत जागा नाही.

मात्र या खात्याच्या मोजण्याच्या पद्धतीबद्दल माझी एक कुरकुर आहे. दरवर्षी ऑक्टोबरमधली पातळी गेल्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि त्यावरून कोणत्या तालुक्यात, किती गावांत टंचाई येईल याचा अंदाज देतात. टँकरची तयारी करायला हे उपयोगी आहे, कलेक्टर ऑफिसला नेमकं हेच हवं असतं. पण पाच वर्षांची सरासरी दर वर्षी पुढे सरकते. पातळी दरवर्षी थोडी थोडी खाली जात असेल तर सरासरीही तिच्या मागोमाग खाली येते, आणि दर वर्षीचा अहवाल सांगतो की सरासरीपेक्षा फार काही बिघडलेलं नाही. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये माशांबद्दल हेच लिहिलं होतं. प्रत्येक पिढीतले अभ्यासक आपल्या उमेदवारीच्या काळात जितके मासे होते तेच मूळ प्रमाण मानतात, मग घट मोजतात, आणि आधी काय हरवलं ते कोणाच्याच हिशेबात येत नाही. माझ्या आजीच्या लहानपणी पैनगंगेच्या पात्रात उन्हाळ्यातही डोह असायचे असं ती सांगायची. मला पैनगंगा म्हणजे दिवाळीनंतर आटत जाणारी नदी, तेच नॉर्मल वाटतं. म्हणून जुनी वही जपणं आणि दर वर्षीच्या अहवालात पाच वर्षांच्या शेजारी चाळीस वर्षांचा आकडाही छापणं, एवढी अपेक्षा मला गैर वाटत नाही.

जुनी वही जपणं सोपं नाही. चार्ल्स कीलिंगनं १९५८ पासून हवाईच्या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. आज तो चढत जाणारा आलेख शाळेच्या पुस्तकांत असतो. पण १९६४ मध्ये पैशाअभावी ते मोजमाप काही काळ बंद पडलं होतं. तेच तेच मोजण्यात नवीन शोध कुठला, हा प्रश्न पैसे देणाऱ्यांना तेव्हाही पडत होता. मे महिन्यातल्या उन्हात विहिरीवर टेप घेऊन जाणाऱ्याला तो रोजच पडत असेल.

बरं, मोजलं. पुढे काय? मोजणारा वेगळा आणि आदेश देणारा वेगळा, ही आपल्याकडची रचना आहे. १९९३च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी घातली. नंतरच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आली आणि प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे अधिकार गेले. यंत्रणेनं सांगायचं, दुसऱ्यानं ठरवायचं, तिसऱ्यानं अंमलात आणायचं. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटरच्या वर. तरी बोअरचं मशीन आमच्या भागात फोनवर येतं आणि रात्रीतून काम उरकून जातं. माझ्या पाहण्यात तरी कायद्याचा आकडा विचारून कोणी बोअर मारलेला नाही.

काही मित्र म्हणतात, शास्त्रीय संस्थेनं फक्त आकडे द्यावेत, योग्य-अयोग्य सांगू नये. मला हे अर्धंच पटतं. संस्थेनं मामीची बाजू घेऊ नये, ठीक. पण मामी आकड्यात दिसेल अशा तऱ्हेनं आकडा द्यायला हवा. अख्ख्या तालुक्याला 'सुरक्षित' असा शिक्का बसतो, म्हणजे भरणाऱ्या पाण्याच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त उपसा नाही. त्या सुरक्षित तालुक्यात मामीची विहीर फेब्रुवारीत आटू शकते. आकडा खरा असतो, पण सरासरीत मामी बुडून जाते. अशा वेळी काय मोजायचं आणि किती बारीक मोजायचं हे ठरवणं हाच नैतिक निर्णय असतो, आराखड्यात तो तांत्रिक बाब म्हणून लिहिलेला असला तरी.

काकांचा सगळ्यात जड मुद्दा मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ते म्हणाले, "मी नाही मारला तं तो पलीकडचा मारीन. मंग मामीचंबी जाईन आन् माहंबी." आराखडे इथं लटके पडतात. संयम एकट्यानं केला तर तो दुसऱ्याला दिलेलं दान ठरतो, आणि ते दान सहसा जास्त पैसेवाल्याच्या बोअरमध्ये जातं. जो स्वतः कर्जात आहे त्याला आधी थांब म्हणणं, तेही पुण्यातून, हे मला अजूनही अवघड जातं.

यातून सुटलेल्या ज्या जागा आपल्याला माहीत आहेत त्यांनी पन्नास वर्षांवर बोट ठेवलं नव्हतं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथं पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात दिलं, माणशी अर्धा एकर, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस बंद. हिवरे बाजारात दर वर्षी पावसाळ्यानंतर गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, यंदा किती मुरलं, प्यायला किती, त्यावर कोणती पिकं. आणि शेतीसाठी बोअर नाही. दोन्हीकडे हिशेब एका वर्षाचा, पण वाटणी सगळ्यांसमोर. दोन टक्क्यांच्या खडकाला नेमकं हेच साजतं. अडचण एवढीच की दोन्हीकडे एकेक खमका माणूस होता. सगळ्या गावांत तसा निघेल हे धरून राज्याचा आराखडा करता येत नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेनं महाराष्ट्रासह सात राज्यांत गावोगावी असे ताळेबंद करायला घेतले, कल्पना चांगली, पण ताळेबंद भिंतीवर रंगवणं आणि त्यावरून कोणाची मोटर बंद करणं यात फार अंतर आहे.

दरम्यान आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते वैनगंगा-नळगंगा नदीजोडाबद्दल. गोसीखुर्दपासून चारशे किलोमीटरहून लांब कालवा, पाणी नळगंगेपर्यंत. नळगंगा घाटाखाली उतरून पूर्णेला, पुढे तापीला मिळते. देऊळघाटची पैनगंगा उलट्या अंगाला, गोदावरीकडे. दोन्हींच्या मध्ये घाटाची कड आहे. तरी चहाच्या टपरीवर लोक तो कालवा येईपर्यंत बोअरवर भागवू म्हणतात. दूरच्या आराखड्याचा हा उपयोग मी आधी कुठं वाचला नव्हता: तो जवळचं बोलणं पुढे ढकलायला कामी येतो.

मी काकांना बोअरचे पैसे देणार नाही असं सांगितलं. तेवढेच पैसे तीन कामांना देते म्हटलं: आमच्या विहिरीचा गाळ काढणं, तुषार संच, आणि मामीचे व आमचे मोटरीचे तास ठरवून दोन्ही विहिरींची पातळी ऑक्टोबरपासून दर महिन्याला लिहिणं. पहिल्या दोन गोष्टींना काका लगेच हो म्हणाले. तिसरीला म्हणाले, मामी तयार असंल तं पाहू, पण पलीकडच्यानं मशीन आणलं तं त्या दिवशी मीबी आणीन. पलीकडचा माणूस चिखलीला राहतो, वावर बटईनं देतो. त्याचा नंबर मी काकांकडून घेतला आहे, अजून फोन लागलेला नाही.